हॅमरेज दोघांनाही, मग आमच्या अण्णांना वॉर्डात हलवतायत आणि शेजारच्या पेशंटला आयसीयूतच ठेवलंय, असं का?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. कोणी मेडिकल लाईनमधलं असेल तर जरा सांगा, इथे पॅसेजमध्ये चटईवर बसून डोकं काम करेनासं झालंय.

अण्णा (वय 63) बागेतून घरी आले, ओट्यावर टेकले आणि पाण्याचा तांब्या उजव्या हातातून सुटला, उचलायला गेले तर हातच उठेना, बोलणं बोबडं. 108 बोलावली, जळगावला आणलं. बीपी 210/120. गोळी "उष्ण पडते" म्हणून चैत्रापासून बंद केली होती हे आईने दवाखान्यात आल्यावर सांगितलं, आता काय बोलणार. सीटी काढला तर डाव्या बाजूला ब्रेन हॅमरेज. रिपोर्टवर लिहिलंय, डावा बेसल गँगलिया (मेंदूचा खोल भाग), 18 सीसी, व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत) रक्त नाही, मिडलाईन शिफ्ट (मेंदू मधल्या रेषेवरून सरकणं) 2 एमएम. त्याच रात्री परत सीटी, दुसऱ्या दिवशी परत. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. आता म्हणतायत रक्ताची गाठ वाढलेली नाही, उद्या वॉर्डात शिफ्ट करू.

शेजारच्या बेडवर चोपड्याकडच्या एक ताई आहेत. त्यांनाही हॅमरेजच. पण त्या बोलतात, हातपाय हलवतात, सकाळी सिस्टरला नावाने हाक मारतात, फक्त डोकं दुखतं म्हणतात. आमच्या अण्णांचा तर उजवा हात अजून उचलत नाही. तरी त्यांना किमान 14 दिवस आयसीयू सांगितलंय आणि रोज कानशिलावर मशीन लावून डॉपलर करतात, अण्णांचा एकदाही केला नाही. ज्याची तब्येत जास्त खराब त्याला आधी बाहेर काढायचं, हे कुठलं गणित? आम्ही सरकारी आरोग्य योजनेत आहोत, पॅकेज संपलं म्हणून तर हलवत नाहीत ना? आणि इतक्या वेळा सीटी काढल्याने डोक्याला काही होत नाही ना, तेही सांगा.

बिनधास्त_भुसावळ

भाऊ स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळा बेडचा खेळ आहे. कॅशवाला पेशंट आला की योजनेवाल्याला वॉर्ड. आणि सीटीचं म्हणाल तर मशीन घेतलंय तर चालवावं लागतं. माझ्या मामांच्या वेळेला एका हॉस्पिटलात हेच पाहिलंय, रोज काहीतरी टेस्ट आणि विचारलं की "प्रोटोकॉल आहे". प्रोटोकॉल म्हणजे काय ते कोणी सांगत नाही.

अहिराणी_गडी

भाऊ चिंता नका करू, अण्णा बरा व्हई जातीन. मना बाप बी आसाच पडेल व्हता, आते मळामा जास.

सीटीवाला_धुळे

बिनधास्त भाऊ, बाकीचं जाऊ द्या पण योजनेच्या पेशंटला जादा सीटी काढून हॉस्पिटलला काय मिळणार? पॅकेजमध्ये तपासण्या धरलेल्या असतात, तिसरा सीटी काढला तर तो हॉस्पिटलच्याच खिशातून. उलट योजनेत टेस्ट कमी तर केल्या नाहीत ना अशी शंका घेतली असती तर मी समजू शकलो असतो.

मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे माझ्या कामापुरतं सांगतो. ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं, मेंदू राखाडी, त्यामुळे पहिल्या तासांत सीटीसारखं दुसरं झटपट काही नाही. 18 सीसी हे कसं काढतात तर ज्या चित्रात गाठ सगळ्यात मोठी दिसते तिथे लांबी मोजायची, तिला आडवी रुंदी मोजायची, मग गाठ किती कापांमध्ये दिसते त्यावरून उंची, तिघांचा गुणाकार करून दोनाने भागायचं. म्हणजे 4 बाय 3 बाय 3 सेंटीमीटर असेल तर 36, त्याचे अर्धे 18. माऊस किंचित इकडेतिकडे सरकला तर एकदोन सीसीचा फरक पडतोच, म्हणून रिपोर्टमध्ये 18 चे 19 झाले की नातेवाईक घाबरतात ते काही खरं नसतं. पण 18 चे 28 झाले तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता थेट वर फोन करतो. रात्री दोनला असा फोन केलाय, डॉक्टर चप्पल न घालता खाली आले होते.

परत परत काढतात ते या वाढीसाठीच. पहिल्या सीटीत रक्त थांबलंय की अजून वाहतंय ते कळत नाही ना, तो एका क्षणाचा फोटो. दुसरा आला की मग तुलना होते.

रेडिएशनचं म्हणाल तर डोक्याचा एक साधा सीटी म्हणजे साधारण 2 मिलीसिव्हर्ट. आपल्याला माती, दगड, हवा, आकाशातून वर्षभरात जे नैसर्गिक रेडिएशन मिळतं तेच जगभरात सरासरी 2.4 धरतात. लहान मूल असेल तर आम्हीही दहादा विचार करतो. 63 वर्षांच्या माणसाच्या डोक्यात गाठ वाढतेय का हे बघायला दोनतीन सीटी झाले, त्याची काळजी करत बसू नका.

नाईटड्युटी_ब्रदर

मी जळगावलाच एका आयसीयूत ब्रदर आहे. कुठल्या ते विचारू नका.

केळीवाला भाऊ, वॉर्डात गेल्यावर लक्ष ठेवणं थांबत नाही, कमी होतं. आयसीयूत आम्ही दर तासाला उठवतो, नाव विचारतो, दोन्ही हात उचलायला लावतो, बॅटरी मारून बाहुल्या बघतो, आणि जीसीएसचा आकडा लिहितो (पूर्ण शुद्धीत 15, अगदी खोल बेशुद्ध 3). आकडा दोनने खाली आला की डॉक्टरला फोन आणि बहुतेक वेळा पेशंट थेट सीटीला. वॉर्डात हेच दर चार तासांनी होतं आणि मधल्या वेळात डोळे तुमचे. म्हणून सांगतो कशाकडे बघायचं. काल बोलत होते आणि आज हाक मारल्यावर नुसतं हूं करतात, झोप नेहमीपेक्षा गाढ लागते, उलटी, डोकं जास्त दुखणं, आधी हलत असलेला पाय हलेनासा होणं, आकडी. "थकलेत, झोपू द्या" असं म्हणून बसू नका, नर्सिंग स्टेशनला जाऊन सांगा, दोनदा सांगावं लागलं तरी सांगा.

आणि एक हात जोडून विनंती. गिळायची टेस्ट झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका. रात्री आम्ही दुसऱ्या पेशंटकडे वळलो की कोणीतरी आत्या हळूच डब्यातून पेज काढते आणि आडव्या पेशंटच्या तोंडात चमचा. लकव्यात गिळण्याची ताकदही जाते, ते फुप्फुसात उतरतं आणि मग हॅमरेजपेक्षा न्यूमोनियाच जड जातो. आत्याबाईंना हे पटत नाही, "दोन घास खाल्ले तर ताकद येईल" हेच चालू असतं.

चोपडेकर72

शेजारच्या ताई आमच्या चोपड्याच्या, आणि त्यांचं तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला आमच्या घरातलं आठवलं. आमच्या सौ.ना सबअरॅक्नॉइड हॅमरेज झालं होतं, मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा असतो तो फुटला. एकदम डोक्यात कोणी घाव घातल्यासारखं दुखलं म्हणाली. नाशिकला नेऊन कॉइलिंग केलं, मांडीतून तार घालून फुगा आतून बंद केला. त्यानंतर ती इतकी चांगली होती की पाहुणे म्हणायचे, घरी का नेत नाही. मलाही वाटायचं, आता कशाला ठेवलंय. डॉक्टर एकच सांगायचे, हिचा धोका अजून यायचाय.

आणि आला. सकाळच्या डॉपलरमध्ये डाव्या बाजूचा आकडा वाढला होता म्हणून सगळे आधीच सावध होते, संध्याकाळी मी विचारलं चहा घेतेस का तर ती कपाला "खिडकी" म्हणाली. हसत हसत म्हणाली, तिला स्वतःला कळलंच नाही. मला वाटलं चेष्टा करतेय, पण सिस्टरने लगेच फोन लावला. सीटी अँजिओ आणि पर्फ्युजन का काय ते केलं, त्यात एका भागाला रक्त कमी पोचतंय दिसलं, रात्रीच परत तारेने औषध सोडलं. आज बोलते, भांडते, सगळं करते. हातपाय ठीक आहेत म्हणून घरी नेलं असतं तर घरात कोणाच्या लक्षात आलं असतं का, कपाला खिडकी म्हटल्यावर सासूबाई हसल्या असत्या फक्त.

त्याच धोक्यासाठी निमोडिपिनच्या गोळ्या दर चार तासांनी, 21 दिवस. रात्री दोनचा आणि सकाळी सहाचा अलार्म मोबाईलमध्ये अजून तसाच आहे, बंद करायचं सुचत नाही.

डॉ_अमळनेरची

मूळची अमळनेरची, सध्या मुंबईत न्यूरोसर्जरीत रेसिडेंट. ड्युटीवरून आलेय त्यामुळे विस्कळीत लिहीन. अण्णांचे सीटी मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी धरू नका, त्यांना काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचा.

"हॅमरेज" या एका नावाखाली दोन वेगळे आजार तुमच्या शेजारीशेजारी झोपलेत. अण्णांचं रक्त मेंदूच्या मांसात, खोल भागात साठलंय, बीपीने बारीक रक्तवाहिनी फुटून. ताईंचं (तुमच्या वर्णनावरून अंदाज करतेय) मेंदूच्या बाहेरून, आवरणाखाली पसरलंय. आज कोण किती हलतंय यावर किती दिवस आणि कशावर लक्ष ठेवायचं हे ठरत नाही, पुढचा धोका कधी आहे यावर ठरतं, आणि त्याचा बराचसा अंदाज पहिल्याच सीटीत असतो.

अण्णांचं बघा. या प्रकारात सगळ्यात मोठी भीती म्हणजे गाठ वाढणं, आणि ती वाढायची तर बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत वाढते, 24 तासांनंतर शक्यता खूप कमी होते. लवकर दाखल झालेल्यांपैकी साधारण तीनातल्या एकाची गाठ वाढते, ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सीटी, म्हणून सलाईनमधून बीपीचं औषध लावून वरचं बीपी 140 च्या आसपास, 130 ते 150 मध्ये धरून ठेवणं. काही ठिकाणी पहिल्याच वेळी डाय टाकून सीटी अँजिओ करतात, त्यात गाठीच्या आत पांढरा ठिपका दिसला तर रक्त अजून गळतंय असं समजून जास्त कडक पहारा. तुमच्याकडे गाठ 18, म्हणजे 30 च्या खाली (30 च्या वर गेली की जीवाचा धोका मोजताना जादा गुण धरतात), व्हेंट्रिकलमध्ये रक्त नाही, शिफ्ट थोडी, आणि पुढच्या सीटीत वाढ नाही. हे सगळं धरून चौथ्यापाचव्या दिवशी वॉर्ड म्हणजे आयसीयूचं काम झालं म्हणून वॉर्ड. हात उचलत नाही याचं कारण गाठ जिथे आहे तिथून हाताच्या तारा जातात. आयसीयूत अजून आठवडा ठेवल्याने हात लवकर येणार नाही, तो फिजिओथेरपीने येतो, आणि ती वॉर्डात उलट नीट होते.

एक बाकी राहतं, सूज. गाठीभोवतीची सूज पहिले तीन दिवस झपाट्याने वाढते आणि नंतरही आठवडा दोन आठवडे हळू वाढू शकते. त्यासाठी रोज सीटी काढत नाहीत, पेशंट सुस्त झाला की काढतात. ब्रदरनी जी यादी दिलीय ती यासाठीच आहे, तिची चिठ्ठी करून बेडला चिकटवा.

हेच 18 सीसी जर मागे, लहान मेंदूत असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तिथे जागाच नाही, 3 सेंटीमीटरची गाठसुद्धा मेंदूतलं पाणी वाहायची वाट दाबते आणि बोलता बोलता पेशंटचा श्वास जाऊ शकतो, तिथे 15 सीसीच्या पुढे ऑपरेशनचा विचार सुरू होतो. किंवा व्हेंट्रिकलमध्ये रक्त गेलं असतं तर पाणी तुंबलंय का हे बघायला सीटी वाढले असते, कदाचित डोक्यात नळी घालावी लागली असती. आकडा तोच, पण जागा बदलली की सगळा पहारा बदलतो.

आता ताई. त्यांना पहिली भीती फुगा परत फुटण्याची, ती कॉइल किंवा क्लिप (ऑपरेशन करून फुग्याला बाहेरून चिमटा) होईपर्यंत. दुसरी भीती चोपडेकरांनी लिहिलीच आहे. मेंदूबाहेर सांडलेलं रक्त विरघळताना मोठ्या रक्तवाहिन्यांना चिडवतं, त्या आकसतात, साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत, सातव्या ते दहाव्यात सर्वात जास्त. तुम्ही केळीवाले आहात म्हणून सांगते, ठिबकची नळी मध्येच दाबली गेली की लांबची झाडं आधी सुकतात, तसं. पहिल्या सीटीत रक्ताचा थर किती जाड आहे आणि व्हेंट्रिकलमध्येही आहे का, यावरून ग्रेड देतात (मॉडिफाईड फिशर म्हणतात, फाईलवर 1 ते 4 लिहिलेलं असेल), ग्रेड जेवढी वर तेवढी आकसण्याची शक्यता जास्त. म्हणजे दाखल झाल्याच्या दिवशीच्या फोटोवरून आठव्या दिवसाची तयारी होते.

कानशिलावरचं मशीन म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर. कानापुढे हाड पातळ असतं, तिथून आतल्या रक्ताचा वेग मोजतात. नळी आकसली की वेग वाढतो. सरासरी 120 सेंटीमीटर प्रति सेकंदच्या वर गेला की आम्ही कान टवकारतो, 200 म्हणजे गंभीर. पण नुसत्या वेगावर जात नाही, कारण अंगात ताप असला किंवा रक्त कमी असलं तरी वेग वाढतो, म्हणून मानेतल्या रक्तवाहिनीतल्या वेगाने भागून बघतात, तो 3 च्या वर गेला तर खरं आकसणं धरतात. शिवाय काही लोकांचं, विशेषतः वयस्कर बायकांचं, हाड इतकं जाड असतं की काही दिसतच नाही, आणि करणाऱ्याचा हात बदलला की आकडे बदलतात. म्हणून डॉपलर हा रोजचा पहारेकरी, शंका आली की सीटी अँजिओ आणि पर्फ्युजन. अण्णांना हा डॉपलर करून काही मिळणारच नव्हतं, त्यांच्यात हा आकसण्याचा प्रकारच सहसा नसतो.

गंमत म्हणजे, शेजारीशेजारी झोपलेल्या दोघांत एकाचं बीपी आम्ही दाबून धरतो आणि फुगा बंद झालेल्या दुसऱ्याला आकसण्याची लक्षणं दिसली तर मुद्दाम वाढवतो, 160 नाही तर 180 सुद्धा. ताईंच्या मॉनिटरवर उद्या तसा आकडा दिसला तर त्यांच्या घरच्यांना घाबरवू नका.

बिनधास्त भाऊंचं पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. बेडची ओढाताण सगळीकडे आहे, आमच्याकडे पण. पण संशय घेऊन पॅसेजमध्ये बसण्यापेक्षा डॉक्टरांना तोंडावर विचारा, शेवटच्या सीटीत गाठ किती, शिफ्ट किती, आणि वॉर्डात काय झालं तर परत सीटी काढणार. या तीन गोष्टी जो डॉक्टर पटकन सांगतो त्याने विचार करून हलवलंय. पॅकेजचं योजनेच्या डेस्कवर आरोग्यमित्र बसतात त्यांना विचारा.

बिनधास्त_भुसावळ

ठीक आहे मॅडम, पण हे सगळं तिथला डॉक्टर दोन मिनिटं उभा राहून सांगत का नाही? त्यांनी सांगितलं असतं तर भाऊला इथे लिहावं लागलं असतं का?

डॉ_अमळनेरची

हे मान्य. 30 पेशंटचा राऊंड असतो, तरी मान्य.

केळीवाला_रावेर

सगळ्यांचे खूप आभार. आज राऊंडला विचारलं. गाठ 18 ची 18 च, शिफ्ट तेवढीच, आणि सुस्त झाले, उलटी झाली किंवा आकडी आली तर लगेच सीटी असं सांगितलं, सरळ सांगितलं. दुपारी वॉर्डात आलो. फिजिओवाला मुलगा आला, अण्णांनी त्याला डाव्या हाताने सलाम केला. गिळायची टेस्ट उद्या आहे, आत्याला बाहेर बसवलंय, डबा पण बाहेर.

अजून दोन गोष्टी. डॉक्टर म्हणाले दोनतीन महिन्यांनी एमआरआय करू, आता सीटी झालाय तर परत एमआरआय कशाला? आणि आमचे मेहुणे म्हणतायत नाशिकच्या एका डॉक्टरला दाखवू, मी फिल्मचे मोबाईलवर फोटो काढून पाठवलेत, चालेल ना?

डॉ_अमळनेरची

एमआरआय यासाठी की गाठ विरघळल्यावर तिच्याखाली दुसरं काही लपलंय का, ट्यूमर, रक्तवाहिन्यांचा गुंता वगैरे, ते दिसतं. आणि एमआरआयमध्ये जुने बारीक रक्तस्राव ठिपक्यांसारखे दिसतात, सीटीत दिसत नाहीत. ते खोल भागात असतील तर बीपीमुळे, मेंदूच्या कडेला असतील तर वयाने होणारा वेगळा आजार, आणि पुढे कधी रक्त पातळ करायची गोळी देताना हे माहीत असणं फार कामाचं. बीपीची गोळी मात्र एमआरआयची वाट बघत नाही, ती आता कायमची, ध्येय 130/80 च्या खाली. "उष्ण पडते" वाटलं तर गोळी बदलून घ्यायची, बंद करायची नाही.

सीटीवाला_धुळे

फिल्मचा मोबाईल फोटो नको भाऊ. खिडकीला धरून काढलेल्या फोटोत ट्यूबलाईटची तिरीप असते आणि गाठीची कडाच दिसत नाही. सीटी विभागात जाऊन सांगा, सगळ्या सीटींचा डायकॉम डेटा (मशीनमधली मूळ डिजिटल चित्रं) सीडीत द्या, काही ठिकाणी पेनड्राईव्ह किंवा लिंकही देतात. सगळ्या तारखांचा मागा, फक्त शेवटचा नको, कारण नाशिकवाले पहिल्याशी तुलना केल्याशिवाय काही बोलणार नाहीत. सीडी घेतल्यावर तिथेच कॉम्प्युटरवर उघडून बघा, कोरी सीडी घेऊन गेलेले लोक पाहिलेत मी. आणि दुपारी दीडदोनला जाऊ नका, तेव्हा अपघाताचे पेशंट असतात नाहीतर आम्ही जेवत असतो.